मायसेलच्या द्रावणात दुसरं काही घातलं तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न येतात तीन प्रकारच्या लोकांकडून: साबणासारख्या पदार्थाचे रेणू पाण्यात गोळा व्हायला लागतात ती संहती, सीएमसी, काढण्याच्या प्रॅक्टिकलला बसलेली बी.एस्सी.-एम.एस्सी.ची मुलं, चवथीच्या बाजारात विकायला भांडी धुण्याचं लिक्विड आणि हँडवॉश करणाऱ्या स्वयंसहाय्य गटांतल्या बायका, आणि गोव्यातल्या वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत लागलेले जुने विद्यार्थी. भाषा तिघांची वेगळी, पण घोळ एकाच जागी होतो, म्हणून उत्तरं एकत्रच लिहिली आहेत. ज्याला जे हवं ते त्याने वाचावं.

सीएमसी हा आकडा नेमका कशाचा?

सरफॅक्टंट म्हणजे साबण-डिटर्जंटसारखा पदार्थ. त्याच्या रेणूला पाण्यात रमणारं डोकं असतं आणि पाणी टाळणारी तेलकट शेपटी. पाण्यात थोडंसं घातलं तर रेणू सुटे राहतात, त्यातले बरेच पृष्ठभागावर जाऊन शेपट्या हवेत काढून उभे राहतात. घालत गेलं की पृष्ठभाग भरतो, आणि मग पाण्यातले रेणू शेपट्या आत, डोकी बाहेर असे गोळा होतात. तो गोळा म्हणजे मायसेल. ज्या संहतीला हे सुरू होतं ती क्रिटिकल मायसेल कॉन्सन्ट्रेशन, सगळे म्हणतात ती सीएमसी.

प्रयोगशाळेतला नेहमीचा गडी म्हणजे सोडियम डोडेसिल सल्फेट, एसडीएस. २५ अंश सेल्सियसला शुद्ध पाण्यात त्याची सीएमसी सुमारे ८.२ मिलिमोलर, म्हणजे लिटरला साधारण २.४ ग्रॅम. एका मायसेलमध्ये साठ-पासष्ट रेणू असतात. त्यापुढे जेवढं घालाल ते जवळजवळ सगळं मायसेलांत जातं, सुट्या रेणूंची संख्या फारशी हलत नाही.

साबणाच्या द्रावणात असे गोळे असावेत हे मॅकबेन यांनी १९१३ च्या सुमारास मांडलं, तेव्हा त्यावर फार कोणी विश्वास ठेवला नव्हता. गोल मायसेलचं आज पुस्तकात दिसतं ते चित्र हार्टली यांचं, १९३६ चं.

हा आकडा पुस्तकात दिलेलाच आहे. मग तो बदलतो कशामुळे?

तो आकडा दोन बळांच्या ओढाताणीतून येतो. शेपटीला पाण्यातून बाहेर पडायचं असतं, हे गोळा करणारं बळ. आयनिक सरफॅक्टंटची डोकी सारख्याच विद्युतभाराची असतात, ती एकमेकांना ढकलतात, हे पांगवणारं बळ. एकाला जोर मिळाला किंवा दुसऱ्याचा जोर कमी झाला की सीएमसी सरकते.

म्हणून कुठलाही पदार्थ घालण्याआधी मी एकच विचारायला सांगतो: हा जाऊन बसणार कुठे? डोक्यांच्या आसपास, डोक्यांच्या मधल्या फटीत, आत शेपट्यांच्या गाभ्यात, की बाहेर पाण्यातच राहून पाण्याचा स्वभाव बदलणार? जागा कळली की सीएमसी वर जाणार की खाली, हे बहुतेक वेळा पाठांतराशिवाय सांगता येतं. "मिठाने कमी, युरियाने जास्त" अशी यादी घोकून आलेली मुलं तोंडी परीक्षेत पहिल्याच उपप्रश्नाला अडकतात, कारण यादीत "का" नसतो.

मीठ घातल्यावर एसडीएसची सीएमसी एवढी का घसरते?

एसडीएसचं डोकं ऋण भाराचं. मिठातले सोडियम आयन मायसेलच्या पृष्ठभागाभोवती गर्दी करतात आणि डोक्यांमधलं ढकलणं झाकून टाकतात. ढकलणं कमी झालं की कमी रेणूंतही मायसेल जमतं. ०.१ मोलर मीठ, म्हणजे लिटरला ५.८५ ग्रॅम, घातलं तर सीएमसी ८.२ वरून दीड मिलिमोलरच्या आसपास येते. मायसेलही मोठं होतं, साठ-पासष्ट रेणूंचं नव्वदच्या घरात जातं. डोकी जवळजवळ बसू शकली की एका गोळ्यात जास्त जण मावतात.

हे गणितात बसवलं कॉरिन आणि हार्किन्स यांनी, १९४७ मध्ये. सीएमसीचा लॉग आणि विरुद्ध भाराच्या आयनांच्या संहतीचा लॉग यांचा आलेख काढला की सरळ रेघ येते, उतार खाली. एसडीएसच्या बाबतीत तो उतार ०.६८ च्या आसपास. रेघ लॉगची असल्यामुळे पहिल्या चिमटीचा परिणाम सगळ्यात मोठा असतो: ०.०२ मोलर मिठातच सीएमसी निम्मी होऊन ४ च्या आसपास येते, नंतर तेवढंच मीठ पुन्हा घातलं तर फरक कितीतरी कमी.

मुलांच्या जर्नलमध्ये, म्हणजे प्रयोगवहीत, एक चूक वर्षानुवर्षं दिसते. आडव्या अक्षावर फक्त घातलेल्या मिठाची संहती घेतात. एसडीएस स्वतःचा सोडियम घेऊन आलेलं असतं, तो मिळवायचा. तो सोडला की मीठ शून्य असतानाचा बिंदू आलेखावर बसवताच येत नाही, आणि मग मुलं तो बिंदू गुपचूप वगळतात.

उताराला अर्थही आहे. मायसेलच्या पृष्ठभागाला किती प्रमाणात आयन चिकटून राहतात याचा तो अंदाज देतो. ०.६८ म्हणजे दर १०० डोक्यांमागे साधारण ६८ सोडियम आयन मायसेलसोबतच फिरतात.

प्रयोगाला आगरवाड्याचं किंवा रायबंदरचं मिठागरातलं मीठ चालेल का?

माशाला लावायला उत्तम, प्रयोगाला नाही.

समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम क्लोराइड मुख्य, पण मॅग्नेशियम लिटरला सुमारे १.३ ग्रॅम आणि कॅल्शियम ०.४ ग्रॅम. मिठागरात पाणी आटत जातं तसं मीठ आधी पडतं आणि मॅग्नेशियम मागे उरलेल्या कडवट पाण्यात साचतं. पण आपल्याकडचं खडं मीठ ओलसर असतं, ते कडवट पाणी थोडं खड्यांना चिकटून राहतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते मुख्यतः त्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे.

मॅग्नेशियम आणि कॅल्शियम दुहेरी भाराचे. त्यांतला एक आयन सोडियमच्या एका आयनापेक्षा मायसेलला कितीतरी जास्त बांधून ठेवतो. म्हणजे मीठ तोलून ०.०५ मोलर घातलं तरी परिणाम त्याहून जास्त मिठाचा दिसेल आणि तुमची सरळ रेघ वाकडी होईल. कॅल्शियम जास्त असलं तर कॅल्शियम डोडेसिल सल्फेटचा पांढरा गाळ दिसेल, कारण तो क्षार नेहमीच्या तापमानाला नीट विरघळतच नाही. आयोडीनयुक्त पुडीच्या मिठातही खडे न होण्यासाठी घातलेली पावडर असते. अॅनालिटिकल ग्रेडचं सोडियम क्लोराइड घ्या, ते भट्टीत वाळवून घ्या, आणि बाटली उघडी ठेवू नका. जूनमध्ये आमच्याकडे दोन तासांत मिठाचं वजन बदलतं.

समुद्राच्या पाण्यात साबणाला फेस का येत नाही, आणि नारळाच्या तेलाच्या साबणाला का येतो?

साधा साबण म्हणजे चरबीच्या आम्लांचे सोडियम क्षार. समुद्राच्या पाण्यात त्याच्यावर दोन बाजूंनी मार बसतो. कॅल्शियम-मॅग्नेशियमबरोबर न विरघळणारा चोथा होतो, आणि एवढ्या सोडियममध्ये लांब शेपटीचा साबण द्रावणातून बाहेर फेकला जातो. साबण करताना कढईत मीठ घालून साबण वर आणतात, ते याच तत्त्वावर.

नारळाच्या तेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं, बारा कार्बनचं. शेपटी आखूड, म्हणून विद्राव्यता जास्त, खारटपणा जास्त सोसतो. चोथा त्याचाही होतो, पण फेस यायला पुरेसा साबण शिल्लक राहतो. खलाशांसाठी जे खास साबण बनत ते म्हणूनच खोबरेल तेलाचे. जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुतेक मऊ असतं, तिथे हा फरक जाणवणार नाही. किनाऱ्यालगतच्या, उन्हाळ्यात मचूळ होणाऱ्या विहिरीचं पाणी घ्या, लगेच जाणवेल.

सगळी मिठं सारखीच वागतात का?

नाही. डोडेसिल सल्फेट लिथियमबरोबर असेल तर सीएमसी थोडी जास्त, सोडियमबरोबर त्याहून कमी, सिझियमबरोबर आणखी कमी, आणि टेट्रामिथिल अमोनियमसारख्या मोठ्या सेंद्रिय आयनाबरोबर त्याहूनही कमी. लिथियम लहान असला तरी पाण्याचा जाड थर अंगावर घेऊन फिरतो, म्हणून डोक्याजवळ जाऊ शकत नाही. मोठा, सैल पाण्याचा आयन जवळ बसतो.

धनभारी सरफॅक्टंटमध्ये हीच गोष्ट उलट भाराची: डोडेसिल ट्रायमिथिल अमोनियमची सीएमसी क्लोराइडबरोबर सुमारे २० मिलिमोलर, ब्रोमाइडबरोबर १५. आयनांचा असा क्रम लावण्याची सुरुवात हॉफमाइस्टर यांनी १८८८ मध्ये प्राग इथे अंड्यातली प्रथिनं वेगळी करताना केली होती. मायसेलशी त्यांचा संबंध नव्हता, पण क्रम इथेही बराचसा तोच निघतो.

यातला एक आयन वेगळा सांगायला हवा: पोटॅशियम. एसडीएसच्या द्रावणात पोटॅशियम क्लोराइड घातलं की खोलीच्या तापमानाला पोटॅशियम डोडेसिल सल्फेटचा पांढरा गाळ बसतो. गरम केलं की विरघळतो, थंड झालं की पुन्हा येतो.

आमच्या डिसोल्यूशन टेस्टच्या द्रावणात पांढरे तंतू दिसतात. गोळीत दोष आहे का?

डिसोल्यूशन टेस्ट म्हणजे गोळीतलं औषध किती विरघळलं ते मोजण्याची चाचणी. आधी बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, बघा. पाण्यात न विरघळणाऱ्या औषधाच्या चाचणीत माध्यमात सोडियम लॉरिल सल्फेट घालतात, म्हणजे एसडीएसच. बफर मात्र सवयीने पोटॅशियम फॉस्फेटचा केलेला असतो. वर सांगितलेला गाळ इथे होतो. माध्यम ३७ अंशांवर असतं तोवर बहुधा सगळं स्वच्छ, आणि नमुना गाळून एसीच्या खोलीत ठेवला की तंतू किंवा गढूळपणा. गाळाबरोबर सरफॅक्टंट कमी होतं, मायसेलं कमी होतात, त्यांत विरघळलेलं औषधही बाहेर पडू शकतं, आणि आकडा कमी येतो. पद्धत परवानगी देत असेल तर सोडियम फॉस्फेट वापरा. पद्धत बदलता येत नसेल तर नमुना गार होऊ देऊ नका, आणि हे कारण नोंदवहीत लिहा. गोळीला दोष देऊन तपासणी सुरू करण्याआधी एवढं पाहिलं तर बराच कागद वाचतो.

हँडवॉशमध्ये मीठ घातल्यावर आधी घट्ट होतं, मग अचानक पाण्यासारखं पातळ का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझा आवडताही.

एसएलईएस (सोडियम लॉरिल ईथर सल्फेट, एसडीएसचाच भाऊबंद) पेस्ट पाण्यात विरघळवली की लिक्विड पातळच असतं. त्यात गोल मायसेलं असतात, छोटे गोळे, एकमेकांच्या अंगावरून सहज घसरणारे. मिठाने डोक्यांचं ढकलणं कमी होतं, डोक्याला लागणारी जागा आकसते, आणि गोल आकार परवडेनासा होतो. इझ्राएलाच्विली, मिशेल आणि निनहॅम यांनी १९७६ मध्ये याचा साधा हिशेब दिला: शेपटीचं आकारमान भागिले डोक्याचं क्षेत्रफळ गुणिले शेपटीची लांबी. उत्तर एक तृतीयांशापेक्षा कमी असेल तर गोळे, एक तृतीयांश ते अर्धा यांच्या दरम्यान लांब नळ्या, त्याहून जास्त असेल तर पापुद्रे. मीठ घालताना भाजकातलं क्षेत्रफळ कमी होतं, उत्तर वाढतं, गोळ्यांच्या नळ्या होतात. या नळ्या लांब आणि लवचिक असतात, शेवयांसारख्या एकमेकांत गुंततात, आणि लिक्विड घट्ट होतं.

मग आणखी मीठ घातलं की? नळ्यांना फांद्या फुटतात. गुंत्यात फाटा असला की ताण आल्यावर तो फाटा नळीवरून सरकून जाऊ शकतो, गाठ अडून राहत नाही. शिवाय मीठ फारच झालं तर सरफॅक्टंट वेगळं होऊ लागतं. म्हणून घट्टपणाचा आलेख डोंगरासारखा: चढतो, माथ्यावर पोचतो, कोसळतो. माथा नेमका कुठे, हे कृतीवर अवलंबून. साधारण १ ते ३ टक्के मिठाच्या पट्ट्यात तो सापडतो.

करताना काय करावं:

मीठ कोरडं मूठभर टाकू नका. आधी पाण्यात विरघळवून, थोडं थोडं, प्रत्येक वेळी ढवळून आणि हवेचे बुडबुडे बसू देऊन घाला. माथ्याच्या अलीकडे थांबा, माथ्यावर नव्हे, कारण वास आणि रंग घातल्यावर घट्टपणा पुन्हा हलतो. सुगंधी तेलांतले काही घटक डोक्यांच्या मध्ये बसून घट्ट करतात, काही पातळ करतात. एकाच कृतीत मोगऱ्याचा वास ठीक आणि लिंबाचा घातला की पाणी, असं खरंच होतं. सीडीईए घालत असाल तर मीठ कमी लागेल. ते खोबरेल तेलापासून बनतं, भाररहित असतं, आणि ऋणभारी डोक्यांच्या मध्ये बसून त्यांना एकमेकांपासून झाकतं, म्हणजे मिठाचंच काम वेगळ्या जागेवरून करतं. बेटेन (डोक्यावर धन आणि ऋण दोन्ही भार असलेलं सरफॅक्टंट) याचंही तसंच.

पातळ झालेला माल फेकायची गरज नाही. जास्त मिठामुळे झाला असेल तर मीठ नसलेलं एसएलईएसचं द्रावण मिसळलं की माथ्याकडे परत येतो. पण आधी ओळखा की तुम्ही चढावर आहात की उतारावर: वाटीभर लिक्विड बाजूला काढून त्यात थोडं साधं पाणी घाला. घट्ट झालं तर मीठ जास्त झालं होतं.

आणि घट्ट म्हणजे जास्त मळ काढणारं, हा गिऱ्हाइकाचा समज आहे. तो मोडायचा की विकायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा.

मीठ न घालता अशा नळ्या होतात का?

होतात, आणि फार देखण्या होतात. सीटॅब (सेटिल ट्रायमिथिल अमोनियम ब्रोमाइड, धनभारी सरफॅक्टंट) याच्या द्रावणात सोडियम सॅलिसिलेट घाला. सॅलिसिलेटचा ऋण भार सीटॅबच्या धन डोक्याकडे ओढला जातो आणि त्याचं बेंझीनचं कडं आत शेपट्यांकडे घुसतं, एकाच वेळी दोन्ही जागा धरतं. त्यामुळे दोन्ही थोड्या थोड्या मिलिमोलर संहतीतच द्रावण लवचिक होतं. चंबू गरकन फिरवून एकदम थांबवा आणि आतल्या बुडबुड्यांकडे बघा: ते थांबत नाहीत, क्षणभर उलटे फिरतात. गुंतलेल्या नळ्या रबरासारख्या मागे येतात. ही गोष्ट फळ्यावर समजावण्यापेक्षा चंबू हातात दिला की वर्ग आपोआप गप्प होतो.

अल्कोहोल घातलं तर?

कुठलं, यावर सगळं. मिथेनॉल पाण्यातच राहतं आणि पाणी शेपटीला कमी जाचक करतं, सीएमसी वाढवतं. इथेनॉल दोन्ही दगडांवर पाय ठेवतं: थोडं असताना एसडीएसची सीएमसी किंचित कमी होते, जास्त झालं की वाढते. ब्युटेनॉल, पेंटेनॉल, हेक्सेनॉल यांची शेपटी लांब होत जाते तसे ते मायसेलच्या डोक्यांमधल्या फटीत जाऊन बसतात, भारित डोक्यांत अंतर पाडतात, आणि सीएमसी खाली ओढतात. साखळीत कार्बन वाढला की तेवढाच परिणाम आणखी कमी अल्कोहोलमध्ये मिळतो.

फेणीत मायसेल होतील का, हे काजूच्या मोसमात कोणीतरी विचारतंच. हुर्राकमध्ये, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेत, अल्कोहोल १५ टक्क्यांच्या आसपास, त्यात होतील. फेणी चाळीसच्या वर. तिथे पाण्याला शेपटीचा तेवढा तिटकाराच उरत नाही, एसडीएसचे रेणू सुटेच राहणं पसंत करतात. प्रयोग करायचा तर इथेनॉल घ्या, फेणी वाया घालवू नका.

युरियाने सीएमसी वाढते ती कशामुळे?

युरिया मायसेलच्या आत जात नाही, बाहेर राहतो. तो पाण्याची रचना मोडतो, असं जुन्या पुस्तकांत असतं. आता जास्त मान्य असलेलं स्पष्टीकरण असं की युरियाचे रेणू शेपटीभोवतीच्या आणि डोक्याभोवतीच्या पाण्याची जागा घेतात, आणि त्यांच्या सोबतीत शेपटीला बाहेर राहणं तेवढं महाग पडत नाही. गोळा व्हायची घाई कमी, म्हणून सीएमसी जास्त. तरी ६ मोलर युरियातही एसडीएसची मायसेलं बनतात, फक्त उशिरा.

युरियाचं द्रावण त्याच दिवशी करा. ठेवलं की त्यात हळूहळू अमोनियम सायनेट तयार होतं, म्हणजे आयन येतात, आणि कंडक्टिव्हिटी मीटर त्यांनाही मोजतं.

साखर, ग्लिसरीन?

साखर पाण्याची एकजूट वाढवते, सीएमसी थोडी कमी होते. ग्लिसरीन भरपूर घातलं तर वाढते. हँडवॉशमध्ये जेवढं ग्लिसरीन पडतं तेवढ्याने या हिशेबात काही बिघडत नाही.

नॉनआयनिक सरफॅक्टंटला तर भारच नाही. मग मिठाचा परिणाम का दिसतो?

झाकायला भार नाही हे खरं, म्हणून एसडीएससारखी घसरण दिसत नाही. पण मीठ पाण्याला स्वतःकडे खेचतं, शेपटी आणि डोक्याचं काम करणारी इथिलीन ऑक्साइडची साखळी, दोघांनाही पाणी कमी पडतं. सीएमसी किंचित उतरते, आणि जास्त ठळकपणे क्लाउड पॉइंट, म्हणजे द्रावण ढगाळ होतं ते तापमान, उतरतो. ट्रायटन एक्स-१०० चं १ टक्क्याचं द्रावण ६४-६५ अंशांना ढगाळ होतं. मीठ घातलं की त्याआधीच. सल्फेट क्लोराइडपेक्षा जास्त उतरवतं, थायोसायनेट उलट वर नेतं. युरियाही वर नेतो.

दोन सरफॅक्टंट मिसळले तर सीएमसी मधली येते ना?

दोघांची डोकी सारखी असतील तर मधली, पण सरासरी काढून नव्हे. क्लिंट यांच्या १९७५ च्या सूत्रात उलट्या आकड्यांची बेरीज होते, म्हणून ज्याची सीएमसी कमी त्याचं वजन जास्त पडतं. आयनिक आणि नॉनआयनिक मिसळले तर सीएमसी या सूत्रापेक्षाही खाली जाते, कारण भारित डोक्यांमध्ये भाररहित डोकी बसतात. रुबिंघ यांनी १९७९ मध्ये या जादा घसरणीसाठी एक बीटा आकडा दिला; तो जितका ऋण तितकी जोडी जमलेली.

ऋणभारी आणि धनभारी मिसळले तर ओढ सगळ्यात जास्त, आणि समान प्रमाणाच्या जवळ बहुधा गाळच पडतो. शँपू बहुतेक ऋणभारी, कंडिशनर धनभारी. म्हणून साध्या कृतीत एक दुसऱ्यात ओतून टू-इन-वन होत नाही.

याच प्रश्नाचा एक लपलेला प्रकार आहे. जुन्या बाटलीतल्या एसडीएसमध्ये डोडेकॅनॉल असतं, तयार करताना राहिलेलं किंवा पाण्याने तुटून झालेलं. तुम्ही काही घातलेलं नसतं, तरी हा पदार्थ आत असतोच. पृष्ठताण संहतीबरोबर उतरत जातो, सीएमसीजवळ खड्ड्यात पडतो आणि मग थोडा वर येतो. खड्डा दिसला की समजायचं, माल शुद्ध नाही: सीएमसीच्या खाली डोडेकॅनॉल पृष्ठभागावर बसून ताण आणखी पाडतं, मायसेलं झाली की ती त्याला आत ओढून घेतात. इथेनॉलमधून पुन्हा स्फटिक करा, खड्डा भरून येतो.

पॉलिमर आणि सायक्लोडेक्स्ट्रिन?

एसडीएसच्या द्रावणात पीव्हीपी (पॉलिव्हिनिल पायरोलिडोन) किंवा पॉलिइथिलीन ऑक्साइड असेल तर पॉलिमरच्या साखळीवर छोटे छोटे गोळे लवकर जमतात, नेहमीच्या सीएमसीच्या खालीच. आलेखात एकाऐवजी दोन वळणं येतात. पहिलं पॉलिमरवरच्या गोळ्यांचं, दुसरं पॉलिमर भरून झाल्यावर सुट्या मायसेलांचं. दोन वळणं दिसली की मुलं यंत्र बिघडलं म्हणतात. बिघडलेलं नसतं.

बीटा सायक्लोडेक्स्ट्रिनचं, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या कड्याचं, उलट. त्याच्या पोकळीत एक शेपटी नेमकी बसते, तेवढा रेणू कामातून गेला. जेवढं सायक्लोडेक्स्ट्रिन, साधारण तेवढी सीएमसी पुढे सरकते. मायसेलला त्यात काही झालेलं नसतं. माणसं कमी पडली एवढंच.

काहीतरी घातलेलं असताना सीएमसी मोजायची कशी?

शुद्ध एसडीएसला कंडक्टिव्हिटी उत्तम. वाहकता आणि संहती यांच्या आलेखाचा उतार वळतो तिथे सीएमसी. पण ०.१ मोलर मीठ घातलं की वाहकता मिठाचीच एवढी असते की सरफॅक्टंटचं वळण त्यात बुडतं. तिथे पृष्ठताण मोजा, किंवा पायरीन या चमकणाऱ्या पदार्थाची फ्लुओरेसन्स: त्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शिखरांचं गुणोत्तर पाण्यात १.८ च्या आसपास असतं, मायसेलात शिरल्यावर १.१-१.२ वर येतं. अल्कोहोल जास्त असेल तर हे गुणोत्तर पाण्यातच बदललेलं असतं, म्हणून मायसेल नसलेलं त्याच मिश्रणाचं द्रावण आधी मोजून ठेवा.

रंग घालून मोजण्याच्या पद्धतीवर माझा फारसा जीव नाही. धनभारी रंग ऋणभारी सरफॅक्टंटशी स्वतःच जोडी जमवतो. जे मोजायचं तेच तो सरकवतो.

तापमान लिहा. एसडीएसची सीएमसी २५ अंशांजवळ सगळ्यात कमी असते, दोन्ही बाजूंना हळूहळू वाढते, त्यामुळे दोन-चार अंशांनी आकडा फार बिघडत नाही. सीटॅबची अडचण वेगळी: त्याचं क्राफ्ट तापमानच, ज्याच्या खाली ते स्फटिक होऊन बाहेर पडतं, २५ च्या आसपास आहे. एसी २२ वर ठेवलेल्या प्रयोगशाळेत सकाळी बाटलीच्या तळाशी सुया दिसतात आणि द्रावणात किती सीटॅब उरलं आहे हे कोणालाच सांगता येत नाही. ३० अंशांच्या वॉटर बाथमध्ये काम करा.

मे-जूनमध्ये किनाऱ्यावर येणारे डांबराचे गोळे साबणाने विरघळत का नाहीत?

कोलवा, बाणावली, मोरजी, जिथे म्हणाल तिथे पायाला चिकटणारे हे गोळे म्हणजे समुद्रात सांडलेल्या तेलाचा उरलेला भाग. हलका भाग उडून गेलेला, उरलेलं घट्ट, त्यात पाणी आणि वाळू कालवलेली. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यांच्यावर अभ्यास केला आहे. मायसेल तेलाचे रेणू आत घेतं, पण तेवढ्याने एवढा घट्ट गोळा फुटत नाही. सरफॅक्टंट त्याच्यात शिरूच शकत नाही. ताज्या तेलावर फवारतात त्या डिस्पर्संटमध्ये स्पॅन आणि ट्वीन प्रकारचे नॉनआयनिक बरेच असतात, ते मुद्दाम: समुद्राच्या मिठात आणि कॅल्शियममध्येही ते गाळ न होता टिकतात. पायाचं डांबर काढायला खोबरेल तेल चोळा आणि मग साबण लावा.

रिठ्याला हे नियम लागू पडतात का?

बऱ्याच अंशी. रिठ्यातलं सॅपोनिन साखरेची डोकी असलेलं, मुख्यतः भाररहित, म्हणून मचूळ पाण्यातही फेस देतं आणि मिठाने फारसं हलत नाही. पण रिठ्याचा काढा म्हणजे अनेक सॅपोनिनांचं मिश्रण, आणि दर झाडाचं वेगळं. त्याची सीएमसी काढलीत तर सोबत किती ग्रॅम साल, किती पाणी आणि किती वेळ उकळलं हेही लिहा.